घराचें मोल

चैत्रांत खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा जवळ आली म्हणजे आटपाडीच्या आसपासच्या गांवांत एक चमत्कारिक दृश्य दिसूं लागतें. वर्षाचे अकरा महिने कुलुपांत पडलेले मोठमोठे बंगले एकामागून एक उघडतात. खिडक्यांवरची धूळ झटकली जाते, गच्चीवरच्या टांकींत पाणी चढतें, अंगणांत परप्रांतीं नोंदलेल्या मोटारी येऊन उभ्या राहतात, आणि जेथें कालपर्यंत केवळ पारवे घुमत होते तेथें रात्रीं उशिरापर्यंत दिवे जळतात. हा थाट आठ-पंधरा दिवस टिकतो. मग गुलाल धुवून निघतो, मोटारी निघून जातात, आणि किल्ल्यांचा जुडगा गांवांत मागें राहिलेल्या एखाद्या वृद्ध चुलत्याच्या कमरेला पुढील चैत्रापर्यंत लटकत राहतो.

हे बंगले बहुतकरून गलाईवाल्यांचे. माणदेशांत आणि शेजारच्या विटें-खानापूर भागांत पाऊस बेताचा. नुसत्या शेतीवर पोट भरेना म्हणून येथील माणसें पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आलीं, आणि त्यांतील पुष्कळांनीं सोनें-चांदी गाळण्याचा धंदा हस्तगत केला. जुना दागिना मुशींत वितळवावयाचा, तेजाबानें त्यांतील हीण काढावयाचें, शुद्ध धातु सराफाच्या हातीं द्यावयाचा. इतकेंच नव्हे, तर सराफाच्या दुकानांतील केरांत सांडलेला कण देखील शोधून काढावयाचा, असा हा कसबाचा व्यवसाय आहे. केरळापासून बंगालपर्यंत क्वचितच असें एखादें मोठें शहर असेल कीं ज्याच्या सराफकट्ट्यांत या मुलखाचा माणूस भेटणार नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या (१९५५) अखेरीस दुष्काळानें वाडी रिकामी होते. आज त्याच माणदेशांतील कित्येक घरें सुबत्तेनें रिकामीं पडलीं आहेत.

अशाच एका गृहस्थांशीं यात्रेंत आमचें बोलणें झालें. परमुलखांत सराफांच्या एका गल्लींत, भट्टीच्या मागच्या बाजूस, दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलींत ते सहकुटुंब राहतात. गांवीं त्यांचा बंगला आठ खोल्यांचा आहे. हें असें कां, असें आम्हीं भीत भीत विचारलें, तेव्हां ते मोकळेपणानें हंसले. “अण्णा, ऱ्हायाला खोली पुरती की. बंगला काय ऱ्हायाला बांधलाय व्हय? गावानं बघावा म्हणून बांधलाय.”

हें उत्तर प्रामाणिक आहे, आणि त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. ज्या गांवांतून बाप दुष्काळांत एक वळकटी घेऊन बाहेर पडला, त्या गांवाला लेकानें आपण हरलों नाहीं हें चिऱ्यासिमेंटांत लिहून दाखवावें, हें समजण्यासारखें आहे. परंतु हाच बंगला उद्यां विकावयास काढला तर त्याच्यांत घातलेल्या लोखंडाचा आणि फरशीचा खर्चही वसूल होणार नाहीं. कारण घेणारा म्हणून जो कोणी पुढें येईल त्याचाही असाच एक बंगला गांवांत असावयाचा. दुसऱ्याच्या दागिन्यांतील सोन्याचा कस रतीपर्यंत सांगणाऱ्या माणसाला आपल्या घराचा कस सांगतां येत नाहीं, असा हा प्रकार आहे.

आतां याच्या उलट मुंबईकडे पाहावें. तेथेंही बंद घरें आहेत. समुद्राकडे तोंड केलेल्या उंच इमारतींत संध्याकाळीं दिवे लागतात तेव्हां किती खिडक्या काळोख्या राहतात हें कोणीही रस्त्यावरून मोजून पाहावें. त्या घरांना किंमत नाहीं म्हणून तीं रिकामीं आहेत काय? छे! तीं इतकीं महाग आहेत कीं त्यांत राहण्याची आवश्यकताच उरलेली नाहीं. नुसतें धरून ठेवलें तरी मालकाचें काम होतें. भाडेकरू ठेवणें म्हणजे फुकटची कटकट. एके ठिकाणीं राहावयास कोणी नाहीं म्हणून घराला किंमत नाहीं, आणि दुसरे ठिकाणीं किंमत आहे म्हणून घरांत राहावयास कोणी नाहीं. कुलूप मात्र दोन्हीकडे सारखेंच. मग घराची किंमत म्हणजे नक्की कशाची किंमत, आणि घर रिकामें ठेवणारा मनुष्य कांहीं अपराध करतो कीं काय, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आम्हांस दिसतात. त्यांचा विचार येथें करावयाचा आहे.

‘मागणी’ हा शब्द या बाबतींत मोठा फसवा आहे. अर्थशास्त्रज्ञ मागणी म्हणतात ती भुकेलेल्याची भूक नव्हे. ज्याच्या खिशांत पैसे आहेत त्याची भूक होय. २०११ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें २ कोटि ४७ लाख घरें रिकामीं आढळलीं, आणि त्यांतील १ कोटि ११ लाखांच्या आसपास शहरांत होतीं. पुढल्याच वर्षीं सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनें शहरांतील घरांची तूट १ कोटि ८८ लाख ठरविली, आणि त्या तुटीपैकीं शेंकडा ९५ हून अधिक भाग गरीब व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा असल्याचें सांगितलें. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे बाजाराच्या तराजूंत काय तोललें जात नाहीं तें स्पष्ट होतें.

आमच्याकडे ‘घर पहावें बांधून’ अशी म्हण आहे. ती ‘घेऊन’ असें म्हणत नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं घर विकत घेणारा मनुष्य लोकांच्या डोळ्यांपुढें नव्हताच. गांवची जमीन दोन प्रकारची: काळी पिकावयाची आणि पांढरी वसावयाची. पांढरीची माती माळवदावर पसरावयाची, बाभळीचे नाहींतर कडुनिंबाचे वासे, ओढ्यांतला दगड, भिंतींस चिखल. जें लागे तें शिवारांतून येई आणि मजुरीच्या जागीं शेजाऱ्यापाजाऱ्यांचे हात असत. घराला खर्च होता, कष्ट तर फारच होते, परंतु बाजारभाव नव्हता. अमक्यानें घर विकलें हें वाक्य त्याचें दिवाळें निघालें अशाच अर्थीं उच्चारलें जाई. माडगुळ्याच्या शिवारांत ‘बामणाचा पत्रा’ म्हणून एक पत्र्याचें छप्पर आहे. गदिमा तेथें लिहावयास बसत. कोणा दलालानें त्याची किंमत केली असती तर पत्र्याच्या वजनावर केली असती.

तथापि जुन्या गांवाचें असें चित्र काढून सुस्कारा टाकणें सोपें आहे, आणि खोटेंही आहे. घराला भाव नव्हता म्हणून जागा सर्वांस मोकळी होती असें मुळींच नाहीं. शंकरराव खरात हे याच आटपाडीचे. त्यांचें ‘तराळ-अंतराळ’ ज्यांनीं वाचलें आहे त्यांस, गांवांत कोणीं कोठें राहावें हें पैशानें नव्हे तर जन्मानें ठरत असे हें सांगावयास नको. बाजारांत पैसा असला तर निदान दार ठोठावतां येतें. गांवकुसाबाहेरच्या माणसाला पैसा असता तरी वेशीच्या आंत जागा मिळाली नसती. बाजारभावाची निंदा करणारानें त्याचा हा एक गुण आधीं मान्य केला पाहिजे. अर्थात् तो गुणही अर्धाच म्हणावयाचा. कारण शहरांतील कित्येक सोसायट्यांत भाडेकऱ्याचें आडनांव आधीं आणि पगार मागाहून विचारण्याची रीत अजून चालूच आहे. बाजारानें जुनें कुलूप काढलें नाहीं. त्याच्या शेजारीं आपलें एक आणखी लावलें, इतकेंच.

माणदेशांतला माणूस गांव सोडून निघाला म्हणजे त्याची पहिली मजल फार दिवस मुंबईच असे. त्या शहरांत घर हा प्रश्न कधींच सुटला नाहीं. १८९६ सालीं प्लेग आला, माणसें कोंदट चाळींतून पटापट मेलीं, आणि १८९८ सालीं शहर सुधारण्यासाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें १९२० नंतरच्या दशकांत सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें २०७ चाळी उठविल्या. एका कुटुंबास एकशें साठ चौरस फुटांची एक खोली, आणि तीही ज्याला मिळाली तो भाग्यवान्. साताऱ्याकडून आणि कोंकणांतून आलेले गिरणीकामगार एकेका खोलींत दहा-बारा जण राहत आणि पाळीप्रमाणें आळीपाळीनें निजत. अंथरूण एकच, एक उठून गिरणींत जाई, दुसरा त्याच जागीं येऊन पडे. घराचा इतका पुरेपूर उपयोग जगांत क्वचितच कोठें झाला असेल.

ज्या दशकांत मुंबईंत या चाळी उठत होत्या त्याच दशकांत युरोपांत व्हिएन्ना शहरानें निराळा मार्ग धरला, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहण्यासारखें आहे. पहिल्या महायुद्धांत बादशाही मोडली होती, शहर उपाशी होतें, आणि तेथेंही कामगार एकेका खोलींत दाटीनें राहत होते, अंथरूण पाळीनें भाड्यानें देत होते. १९१९ सालीं तेथें समाजवादी पक्षाच्या हातीं नगरपालिका आली. १९२३ सालीं तिनें घरांवर एक कर बसविला. त्याची तऱ्हा अशी कीं लहान घरावर अगदीं नाममात्र आणि मोठ्या हवेलीवर जबर. भाडीं कायद्यानें बांधलेलीं असल्यामुळें जमिनीला गिऱ्हाईक राहिलें नव्हतें. ती नगरपालिकेनें स्वस्तांत घेतली आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरें बांधून काढलीं. १९३० सालीं पुरा झालेला कार्ल मार्क्स होफ हा वाडा एक किलोमीटरहून लांब आहे. त्यांत तेराशेंहून अधिक बिऱ्हाडें, धुण्याच्या सामायिक जागा, बालकमंदिरें, मधोमध बागा. पुढें यादवी झाली, नाझी आले, दुसरें महायुद्ध झालें. परंतु घर ही नगरानें पुरवावयाची वस्तु आहे ही कल्पना तेथें टिकली. आज त्या शहरांतील निम्म्याच्या आसपास लोक नगरपालिकेच्या किंवा सरकारी साहाय्यानें बांधलेल्या घरांत राहतात. त्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, डॉक्टरही आहेत. केवळ गरिबांसाठीं म्हणून बांधलेल्या घराला जो एक डाग लागतो तो तेथें लागला नाहीं.

येथें आमचे एक अर्थशास्त्री स्नेही आम्हांस अडवितात. भाडीं बांधून ठेवल्यानें घरें मिळतात हें तुम्हांस कोणीं सांगितलें, असें ते विचारतात, आणि बोट मुंबईकडेच दाखवितात. १९४७ च्या कायद्यानें मुंबईंतील भाडीं १९४० च्या सप्टेंबरांत होतीं तेथें गोठविलीं. महागाई दसपट, वीसपट झाली, भाडें जेथल्या तेथें. मालकांनीं डागडुजी सोडली, भाड्यासाठीं नवीं घरें बांधणें सोडलें, पागडी नांवाचा काळाबाजार उभा राहिला, आणि पावसाळ्यांत इमारती कोसळूं लागल्या तेव्हां १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं सरकारला स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. ही सर्व हकीकत खरी आहे. परंतु स्नेह्यांच्या ध्यानांत एक गोष्ट येत नाहीं. व्हिएन्नानें भाडीं बांधलीं आणि मग स्वतः घरें बांधलीं. आम्हीं पहिलें केलें आणि दुसऱ्याच्या बाबतींत फार थोडें केलें. दुसऱ्याच्या खिशांतून उदार होणें सोपें असतें. भाडेकऱ्याचें संरक्षण ही समाजाची जबाबदारी होती, ती आम्हीं एकट्या घरमालकाच्या गळ्यांत बांधली, आणि त्यानें ती भिंती पडूं देऊन फेडली. त्याचें फळ आज असें दिसतें कीं २०११ च्या जनगणनेप्रमाणें मुंबई महापालिकेच्या हद्दींतील शेंकडा चाळिसांहून अधिक लोक झोपडपट्टींत राहत होते.

कोणी म्हणेल, जमीन सरकारची केली म्हणजे सर्व प्रश्न मिटला. तसेंही नाहीं. हाँगकाँगांतील जवळजवळ सर्व जमीन सरकारच्याच मालकीची आहे. सेंट जॉन्स कॅथीड्रल या एका देवळाची जागा तेवढी अपवाद. (देवाला तेवढी सवलत मिळाली म्हणावयाची.) असें असूनही २०२१ सालीं तेथील मध्यम प्रतीच्या घराची किंमत मध्यम प्रतीच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या तेवीसपट होती, कारण जमीन थोडी थोडी व चढ्या भावानें देऊन त्यावर राज्याचा खर्च चालविण्याची संवय सरकारलाच लागली. सिंगापुरांतही बहुतेक जमीन सरकारचीच. परंतु तेथें १९६० सालीं गृहनिर्माण मंडळ निघालें, आणि आज तेथील सुमारें शेंकडा ऐंशीं नागरिक त्या मंडळाच्या घरांत, नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानें राहतात. शिवाय २०२३ पासून परदेशी माणसानें तेथें घर घेतलें तर किमतीवर शेंकडा साठ कर त्याला भरावा लागतो. दोन्ही बंदरें, दोन्ही कडे जमीन सरकारची. फरक मालकींत नाहीं; जमीन कशासाठीं आहे या समजुतींत आहे. चीनच्या राज्यकर्त्यांनीं २०१६ सालीं घर राहण्यासाठीं आहे, सट्ट्यासाठीं नव्हे, असें जाहीर केलें, परंतु तोंपर्यंत सट्टा इतका पुढें गेला होता कीं पांच वर्षांत त्यांची अतिप्रचंड एव्हरग्रांड कंपनी कर्ज फेडूं शकेनाशी झाली. अमेरिकेंतील २००८ ची कथा सर्वांस ठाऊक आहे.

आटपाडीच्या बंगल्यांचें खरें भावंड पाहावयाचें तर जपानांत जावें लागेल. १९९० च्या आगेमागें तेथील जमिनीचे भाव असे वेडावले होते कीं टोकियोच्या राजवाड्याच्या आवाराची किंमत सबंध कॅलिफोर्नियाहून अधिक भरते असें लोक बोलत. मग तो फुगा फुटला. आज तेथील खेड्यांत म्हातारीं माणसें वारतात, मुलें शहरांत असतात, आणि घर तसेंच उभें राहतें. २०२३ च्या सरकारी पाहणींत अशीं व इतर मिळून ९० लाख घरें रिकामीं आढळलीं, म्हणजे दर सात घरांत जवळजवळ एक. कांहीं गांवें तीं नाममात्र किमतीला देऊं करतात आणि तरी घेणारा मिळत नाहीं. घर नुसतें असून भागत नाहीं. त्याच्या भोंवतीं शाळा, दवाखाना, पोटाचा धंदा असावा लागतो. हें सर्व निघून गेलें म्हणजे घर ही सावली देणारी भिंत तेवढी उरते.

यावरून आम्ही एका विचाराशीं येतों. घर जुनें होतें. जमीन जुनी होत नाहीं. विटा झिजतात, लांकूड किडतें, गिलावा सुटतो. म्हणून नुसत्या घराची किंमत वर्षानुवर्षें उतरावयास पाहिजे. ती चढते तेव्हां चढणारी किंमत घराची नसून त्याच्या खालच्या जागेची असते, आणि ती जागा मालकानें निर्माण केलेली नसते. रेल्वे येते, रस्ता होतो, शाळा निघते, पाणी येतें, आणि मालक खाटेवर निजलेला असतांना श्रीमंत होतो. हेन्री जॉर्ज यानें १८७९ सालीं हीच गोष्ट अमेरिकेंत बसून सांगितली, आणि रशियांत टॉल्स्टॉयला ती पटली. आटपाडीस ती समजावयाला पुस्तकाची गरज नाहीं. टेंभूच्या योजनेनें कृष्णेचें पाणी उचलून या कोरड्या तालुक्यांत आणलें. ज्या माळाकडे पूर्वीं मेंढपाळाखेरीज कोणी वळत नसे तेथें डाळिंबाच्या बागा झाल्या आणि रस्त्याकडेच्या जागांना भाव आला. तें पाणी जागेच्या मालकानें उचललें नव्हतें.

म्हणून रिकाम्या घराचा दोष ठरवितांना घराकडे न पाहतां दाराबाहेर पाहावें, असें आमचें मत आहे. ज्या जागीं जमीन मुबलक आहे तेथें कोणी आठ खोल्यांचा बंगला बांधून त्यास कुलूप लावलें, तर त्यानें आपले पैसे वायां घालविले असतील. दुसऱ्याची वाट अडविली नाहीं. शिवाय अशा घराला अगदींच निरुपयोगी तरी कसें म्हणावें? २०२० च्या उन्हाळ्यांत टाळेबंदी झाली, परमुलखांतल्या भट्ट्या विझल्या, आणि तीं सर्व कुटुंबें मिळेल त्या वाहनानें गांवीं परतलीं, तेव्हां गांवानें बघावे म्हणून बांधलेले बंगले शेवटीं राहावयासच उपयोगी पडले. मुंबईच्या किंवा पुण्याच्या बंद घराची गोष्ट वेगळी. तेथें जागा मोजकी, दाराबाहेर रांग लागलेली, आणि प्रत्येक बंद दार रांगेंतल्या शेवटच्या माणसाला एक मैल आणखी दूर ढकलतें. कॅनडांतील व्हँकूव्हर शहरानें २०१७ पासून रिकाम्या घरावर त्याच्या किमतीच्या शेंकडा एक असा कर बसविला आणि पुढें तो शेंकडा तीनवर नेला, तो याच न्यायानें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं पगार शिल्लक टाकून, मुलगा परदेशांतून परत आला तर असूं द्यावें म्हणून, एक दुसरें घर घेऊन ठेवलें आहे त्यांस हें बोलणें कडू लागेल. त्यांनीं कष्टाचे पैसे घातले आहेत हें आम्ही जाणतों. पेढ्या बुडतात, रुपया झिजतो, म्हातारपणीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें ही चिंता खरी आहे. जर्मनींत निम्म्याहून अधिक कुटुंबें भाड्याच्या घरांत राहतात आणि कोणास त्याची लाज वाटत नाहीं. परंतु तेथें भाडेकऱ्याला उद्यां निघा असें कोणी म्हणूं शकत नाहीं, आणि म्हातारपणाची तजवीज समाजानें केलेली आहे. आमच्याकडे घरालाच पेन्शन व्हावें लागतें.

पण मग ज्याच्या हातून कांहींच शिल्लक पडत नाहीं त्यानें काय करावें? त्याला घर मिळावें तें कशाच्या जोरावर? रूढ उत्तर असें कीं उद्योग, काटकसर आणि सचोटी यांचें बक्षीस म्हणजे घर. या उत्तराला आटपाडीच्याच शिवारांत एक प्रत्युत्तर उभें आहे, आणि आम्हांस तें फार मोलाचें वाटतें. आटपाडी तेव्हां औंध संस्थानांत होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं पोलंडांतून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या सूचनेवरून १९३९ सालीं येथें स्वतंत्रपूर वसविलें. जन्मठेपेसारख्या शिक्षा झालेले कैदी तेथें आणले. त्यांना तुरुंगाची भिंत दिली नाहीं. बायकामुलांसह राहावयास घर दिलें आणि कसावयास जमीन दिली. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें तरी ती वसाहत राहिली. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट तिच्यावरूनच सुचला. राजेसाहेबांच्या त्या प्रयोगाचा अर्थ असा कीं घर हें चांगुलपणाचें बक्षीस नसून चांगुलपणाचें बीज आहे. आधीं माणूस सुधारेल आणि मग त्याला घर मिळेल असें ते म्हणाले नाहींत. आधीं त्याला दार, चूल आणि अंगण द्या, म्हणजे तो पळून जाणार नाहीं, असें म्हणाले. या न्यायानें पाहतां, आयुष्यांत ज्यानें कोणाचा केंसही वांकडा केला नाहीं अशा मजुराला जें मिळत नाहीं तें आटपाडींत खुनाच्या आरोपींतून मिळालें, असा विपरीत अर्थ कोणी काढील. काढो. विपरीतपणा स्वतंत्रपुराचा नाहीं. बाहेरच्या जगाचा आहे.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या घरांविषयीं लिहीत आलों. परंतु दाराबाहेर पाहावें ही कसोटी आम्हींच घातली आहे, तेव्हां आमच्याही एका दाराची हकीकत सांगणें प्राप्त आहे. आटपाडींत आमचा एक जुना माळवदाचा वाडा आहे. त्याचे हिस्सेदार आठ. पुणें, मुंबई, बडोदें असे विखुरलेले. राहत कोणीच नाहीं. २०२० च्या ऑक्टोबरांत परतीचा पाऊस माणदेशांत असा कोसळला कीं थेंबाथेंबासाठीं झुरणाऱ्या त्या मुलखांत ओढेनाले गांवांत शिरले आणि मातीचीं घरें बसलीं. आमच्या वाड्याच्या मागें राहणाऱ्या एका विधवा बाईचें घर त्यांत गेलें. पदरीं दोन नातवंडें. सरकारी घरकुल मंजूर होऊन बांधून होईपर्यंत वाड्याचा पुढचा सोपा आपल्याला वापरावयास द्यावा, असा तिनें निरोप पाठविला. आम्हीं आठही घरीं फोन केले. नाहीं असें कोणीच म्हणालें नाहीं. एक म्हणाले, कागद करून घ्या. दुसऱ्यांनीं कुळकायद्यांत गेलेल्या जमिनीची आठवण काढली. तिसऱ्यांस, रस्ता रुंद झाल्यावर जागेला आतां बरा भाव येईल, अशा वेळीं आंत माणूस नको, असें वाटलें. आणि खरें सांगावयाचें तर तो तिसरा आवाज आमच्याही मनांत होता, फक्त आम्हीं तो फोनवर उच्चारला नाहीं. वकिलास विचारावयाचें ठरलें. वकील आजारी होते. तीन आठवड्यांनीं आम्हीं निरोप पाठविला तोंवर बाई नातवंडांस घेऊन दिघंचीस लेकीकडे गेली होती.

२०२२ च्या यात्रेस गेलों तेव्हां ती भेटली. घरकुल उभें राहिलें होतें. दोन खोल्या, वर पत्रा, दाराशीं तुळस. तिनें चहा केला. आम्ही मागची गोष्ट काढावी म्हणून शब्द जुळवीत होतों, तोंच तिनें सर्वांची नांवें घेऊन घेऊन खुशाली विचारली, आणि आम्ही निघालों तेव्हां उंबऱ्यापर्यंत येऊन म्हणाली, “अण्णा, तुमच्या माळवदावर गवात उगावलंया. काढून घ्या, न्हायतर पाणी मुरंल.”

दुसरे दिवशीं गडी लावून आम्हीं गवत काढविलें, आणि कुलूप लावून परत आलों.